वंशवृक्षाला ‘अपाक’चा रकाना जोडा : मराठा दालनाच्या विश्वस्तांस खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि विश्वस्त मंडळी,

सप्रेम नमस्कार.

संग्रहालयाच्या नव्या मराठा दालनातून ‘अज्ञान राजे आणि त्यांचा कारभार पाहणारे’ (अज्ञान म्हणजे वयात न आलेले) हा फलक वगळायचा निर्णय आपण घेतलात. मला तो तोंडी कळवण्यात आला. कारणे दोन सांगितली : जागा नाही, आणि सामान्य प्रेक्षकाला एवढा गुंता झेपत नाही. लेखी उत्तर मागितले, ते आले नाही. दरम्यान उद्घाटन झाले, फोटो छापून आले, आता शाळांच्या सहली सुरू होतील. म्हणून जे बैठकीत बोलायचे होते ते चारचौघांत बोलते आहे. संग्रहालयाचे आणि गावाचे नाव लिहीत नाही, कारण हे दुखणे एकाच इमारतीचे नाही. राजघराण्याचा वंशवृक्ष टांगलेल्या बहुतेक भिंतींचे आहे.

माझा यात संबंध काय, ते आधी सांगते. मी महसूल खात्यात तलाठी म्हणून लागले आणि मंडल अधिकारी म्हणून निवृत्त झाले. जुने फेरफार आणि जन्ममृत्यूच्या नोंदींची कोतवाल बुके वाचता यावीत म्हणून नोकरीत असतानाच मोडी शिकले. निवृत्तीनंतर आपल्याच आवाहनावरून स्वयंसेवक म्हणून आले आणि तुमच्या कपाटांतले रुमालात बांधलेले गठ्ठे सोडून कागद वाचत बसले. वगळलेल्या फलकाचा मजकूर आम्ही मोडी वाचणाऱ्या काही जणांनी मिळून लिहिला होता. तेव्हा यात मानापमानाचा भाग आहेच, तो लपवत नाही. पण तेवढ्यासाठी मी जाहीर पत्र लिहिले नसते.

नोकरीभर मी एक नोंद पुन्हा पुन्हा केली. खातेदार वारला आणि वारस वयाने लहान असले की सातबाऱ्यावर त्यांच्या नावांखाली लिहायचे : अ.पा.क. आई अमुक. अज्ञान पालनकर्ता. जमीन मुलांची, पण सोसायटीचे कर्ज कोणाच्या अंगठ्यावर निघाले आणि बांधावरून भावकीशी कोण भांडले, हे त्या तीन अक्षरांवरून कळते. आम्हा भावंडांच्या नावांखाली माझ्या आईचे नाव असेच होते. मुले सज्ञान झाली की ती नोंद कमी करतात, पण जुना फेरफार कोणी फाडून टाकत नाही. गावच्या तलाठ्याला जे जमते ते तुमच्या भिंतभर वंशवृक्षाला जमलेले नाही, ही माझी मूळ तक्रार. बाकीच्या तिच्याच फांद्या आहेत.

पहिली तक्रार मिशांची. हसू नका.

वंशवृक्षात राजाराम महाराजांच्या खाली ‘शिवाजी दुसरे, १७०० ते १७०७’ असे लिहून एका तरण्याबांड मिशीवाल्या पुरुषाचे चित्र लावले आहे. मार्च १७००मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले, तेव्हा हे शिवाजी जेमतेम चार वर्षांचे होते. चित्रकाराला दोष देत नाही. त्याला राजा काढायला सांगितला, त्याने राजा काढला. पुढे सवाई माधवराव पेशव्यांच्या चित्राखाली ‘यांच्या कारकिर्दीत’ एवढे लिहून भागले असते. तिथे ‘यांनी वडगाव येथे इंग्रजांना शरण आणले’ असे लिहिले आहे. वडगावचा तह जानेवारी १७७९चा. सवाई माधवरावांचा जन्म १८ एप्रिल १७७४चा, पुरंदरचा. म्हणजे इंग्रजांना शरण आणणारा हा सेनानी तेव्हा पाच वर्षांचाही नव्हता. सहलीला येणाऱ्या पाचवीच्या पोरांना वजाबाकी येते, एवढे लक्षात असू द्यावे.

चित्र बदलणे सोपे आहे. पण त्या चित्रामुळे जे झाकले गेले ते साधे नाही. १७००चा तो उन्हाळा आठवा. औरंगजेब स्वतः साताऱ्याखाली तळ देऊन बसलेला. राजाराम महाराज गेल्यावर महिना-दीड महिन्यात सातारा पडला. मग परळी, पुढे पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा असे एकेक किल्ले त्याने घेतले. ऐंशी ओलांडलेला बादशहा पालखीत बसून सह्याद्रीच्या चिखलात एका किल्ल्यावरून दुसऱ्यावर जातो आहे, आणि समोर गादीवर चार वर्षांचे पोर. मोगलांच्या हिशेबाने हे राज्य त्याच वर्षी संपायला हवे होते. संपले नाही, कारण कारभार ताराबाईंच्या हातात होता. हंबीरराव मोहित्यांची ही मुलगी तेव्हा पंचविशीत होती.

त्यांनी केले काय, हे दालनात कुठेही नाही. किल्ला राखायचा तेवढा राखायचा, मोगलांचे पावसाळे खायचे, आणि अगदीच निभेना झाले की पैसे घेऊन किल्ला सोडायचा. बादशहाची छावणी पुढे सरकली की तोच किल्ला परत घ्यायचा. एकीकडे औरंगजेबाचा खजिना दगडांवर खर्च होत होता, दुसरीकडे मराठी फौजा नर्मदा ओलांडून माळव्यात आणि गुजरातेत शिरत होत्या. १७०६मध्ये धनाजी जाधवांनी गुजरातेत रतनपूरला मोगलांचा मोड केला, तो याच काळातला. सरदारांना मुलुख वाटून देऊन लढते ठेवायचे आणि तरी ते हाताबाहेर जाऊ द्यायचे नाहीत, हा रोजचा राज्यकारभार होता. मोगलांचा इतिहासकार खाफीखान काही मराठ्यांचा मित्र नव्हे. त्यानेही या बाईंच्या कर्तबगारीची नोंद केली आहे. शत्रूच्या दप्तरात नोंद आहे, आपल्या भिंतीवर नाही. मार्च १७०७मध्ये औरंगजेब अहमदनगरला मेला तेव्हा त्याने घेतलेल्या किल्ल्यांपैकी बरेचसे एक तर परत आले होते किंवा यायच्या वाटेवर होते.

वंशवृक्षात ताराबाई आहेत, हे मान्य करते. राजाराम महाराजांच्या डाव्या बाजूला, बारीक अक्षरांत, ‘पत्नी’ म्हणून.

आणि त्या आणखी एका जागी आहेत : प्रवेशद्वाराशी, घोड्यावर, उपसलेल्या तलवारीनिशी, पुठ्ठ्याच्या कापलेल्या आकृतीत, फोटो काढून घेण्यासाठी. ही माझी दुसरी तक्रार. एक विश्वस्त मला म्हणाले, ‘बाई, तुम्हाला आणखी काय हवंय? रणरागिणी म्हणून दारातच उभ्या केल्यात की!’ मला नेमके ते नको आहे. सात वर्षे राज्य चालवणाऱ्या बाईंना घोड्यावर बसवून दाराशी उभे करायचे आणि आत कारभाराच्या खोलीत त्यांना जागा द्यायची नाही, हा सन्मान म्हणजे बाहेरच्या बाहेर केलेली बोळवण आहे. त्यांच्या नावाची पत्रे उपलब्ध आहेत, छापलेली आहेत. वतनांचे तंटे, किल्लेदारांना ताकीद, इनामांचा बंदोबस्त. एक पत्र काचेत ठेवा, शेजारी बाळबोध लिप्यंतर ठेवा. पुठ्ठ्याच्या घोड्यापेक्षा त्याला खर्चही कमी येईल.

येसूबाईंचे याहून वाईट झाले आहे. फेब्रुवारी १६८९मध्ये संभाजी महाराज संगमेश्वरी पकडले गेले. रायगडावर त्यांच्या पत्नी येसूबाई आणि सहा-सात वर्षांचे शाहू होते. रिवाजाप्रमाणे मुलाला गादीवर बसवून त्याच्या नावाने कारभार पाहता आला असता. त्यांनी तसे केले नाही. एकोणीस वर्षांच्या दिराचे, राजारामांचे मंचकारोहण करवले आणि त्यांना गडाबाहेर काढले. स्वतः मुलासह रायगडावर राहिल्या. नोव्हेंबरात गड पडला, मायलेक मोगलांच्या कैदेत गेले, आणि येसूबाई परत आल्या त्या १७१९मध्ये. राजाच्या आईने स्वतःच्या मुलाला मागे ठेवून राज्य पुढे पाठवले, असा दुसरा निर्णय मला तरी मराठ्यांच्या इतिहासात दिसत नाही. संभाजी महाराज मोहिमेवर असताना त्या कुलमुखत्यार होत्या आणि ‘श्री सखी राज्ञी जयति’ हा शिक्का त्यांच्या नावाने चालत असे. दालनात त्यांच्या वाट्याला ‘शाहू महाराजांच्या मातोश्री’ हे तीन शब्द आले आहेत. शिक्क्याचा ठसा लावायला वीतभर जागा पुरे.

आता बारभाईंकडे, म्हणजे पेशवाईतल्या कारभाऱ्यांच्या जुटीकडे येते. इथे माझी तक्रार उलट बाजूची आहे. बायकांना तुम्ही जागा दिली नाही. बारभाईंना दिली, पण कथा अर्धीच सांगितली.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांचे चुलते राघोबादादा यांनी पेशवाईची वस्त्रे घेतली. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. सखारामबापू, नाना फडणीस, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे वगैरे मंडळींनी एकजूट केली, १७७४च्या जानेवारीत गंगाबाईंना पुरंदरावर नेले आणि त्यांच्या नावाने कारभार सुरू केला. म्हणजे तीन-चार महिने हे राज्य अजून जन्मालाच न आलेल्या वारसाच्या भरवशावर चालले होते. मुलगी झाली असती तर? मूल जगलेच नसते तर? कारभाऱ्यांनी किती रात्री जागून काढल्या असतील याची कल्पना करावी. मुलगा झाला, आणि तो चाळीस दिवसांचा असतानाच त्याच्या नावे पेशवाईची वस्त्रे आली. राघोबादादांच्या पक्षाने त्याच्या जन्माबद्दलच शंका उठवल्या. मार्च १७७५मध्ये त्यांनी सुरतेस मुंबईकर इंग्रजांशी तह केला, आणि घरातल्या पालकत्वाच्या भांडणातून इंग्रजांशी पहिले मोठे युद्ध उभे राहिले. ते १७८२च्या सालबाईच्या तहाने मिटले. साष्टी इंग्रजांकडे राहिली, पण राघोबांना पेशवाई मिळाली नाही.

इथपर्यंत तुमचा फलक ठीक आहे. वडगावचे श्रेय कोणाला हे एक सोडून. पण फलक सालबाईलाच थांबतो. बारभाईंचे पुढे काय झाले? त्रिंबकराव पेठे १७७४मध्येच पंढरपूरजवळच्या लढाईत पडले. गंगाबाई १७७७मध्ये वारल्या. नानांचे चुलतभाऊ मोरोबा फडणीस यांनी १७७८मध्ये नानांनाच बाजूला सारायचा घाट घातला आणि ते कैदेत गेले. ज्या सखारामबापूंनी ही जूट बांधली त्यांचाही शेवट कैदेतच झाला. बारांचे होता होता पुण्यात एकटे नाना उरले. आणि इथे तो प्रश्न येतो जो तुम्ही टाळला आहे : पेशवा सज्ञान झाल्यावर कारभार त्याच्या हाती गेला का?

गेला नाही. सवाई माधवराव अठरा वर्षांचे झाले, वीस वर्षांचे झाले, मार्च १७९५मध्ये खर्ड्याच्या मोहिमेला गेले, पण शिक्का चालत होता नानांच्या हुकमाने. त्याच वर्षी ऑक्टोबरात शनिवारवाड्याच्या वरच्या मजल्यावरून पडून ते वारले. वय एकवीस. पडले की उडी घेतली, यावर वाद होत आला आहे. तो मिटवणे माझ्या आवाक्यातले नाही आणि भिंतीवरच्या फलकाचे ते कामही नाही. पण एकवीस वर्षांच्या माणसाच्या नावावर अजून अपाक लागलेला होता, हे तर लिहाल? नाना थोर होते. त्यांनी हे राज्य वीस वर्षे वाचवले, हेही खरे. त्यांच्या गुणांची यादी तुमच्या फलकावर आहे. नोंद कमी करायची राहून गेली, हे नाही.

तुम्हाला वाटेल, मी कारभारी आणि राजमातांची तरफदारी करायला बसले आहे. तसे नाही, आणि माझ्या बाईपणाशी त्याचा संबंध जोडू नये अशी विनंती आहे. ताराबाईंनी शाहू महाराज सुटून आल्यावर त्यांना तोतया म्हटले. ऑक्टोबर १७०७मध्ये खेडला लढाई झाली आणि एका राज्याची दोन व्हायला सुरुवात झाली. १७१४मध्ये पन्हाळ्यावर सवतीच्या बाजूने पारडे फिरले, राजसबाईंचे पुत्र संभाजी गादीवर आले आणि ताराबाई मुलासह अटकेत पडल्या. १७४९मध्ये शाहू महाराज वारल्यावर त्यांनीच नातू म्हणून पुढे केलेले रामराजे पुढल्याच वर्षी त्यांनी साताऱ्याच्या किल्ल्यात कोंडले. १७६१मध्ये त्या वारल्या तेव्हा त्यांचे वय पंच्याऐंशीच्या पुढे गेले होते. त्यांची समाधी माहुलीला आहे, सहलीच्या बसने जाता येईल इतकी जवळ. सत्ता सोडवत नाही तेव्हा काय होते, हेही याच बाईंच्या चरित्रात आहे. ते झाकून मला देवी उभी करायची नाही.

असेच दुसरीकडेही झाले. ग्वाल्हेरचे दौलतराव शिंदे मार्च १८२७मध्ये वारले. त्यांच्या पत्नी बायजाबाई कागलच्या घाटग्यांच्या लेक. त्यांनी जनकोजींना दत्तक घेतले आणि ग्वाल्हेरचा कारभार स्वतः पाहिला. काशीच्या ज्ञानवापीवरचा खांबांचा मंडप त्यांनीच बांधवला. दत्तक मुलगा मोठा होऊन अधिकार मागू लागला, गाऱ्हाणे गव्हर्नर जनरल बेंटिंकपर्यंत गेले, आणि १८३३मध्ये फौज उलटून बायजाबाईंना ग्वाल्हेर सोडावे लागले. होळकरांच्या तुळसाबाईंची गत याहून भयंकर झाली. लहानग्या मल्हाररावांच्या नावाने त्या कारभार पाहत होत्या. डिसेंबर १८१७मध्ये महिदपूरच्या लढाईच्या तोंडावर त्यांच्याच फौजेतल्या लोकांनी क्षिप्रेच्या काठी त्यांचे शीर उडवले. नागपूरला तर चुलत्या-पुतण्यांच्या जुन्या गोष्टींनाही लाजवील असे झाले. परसोजी भोसले कारभाराला असमर्थ होते म्हणून चुलतभाऊ आप्पासाहेब त्यांचे मुखत्यार झाले. त्यांनी १८१६मध्ये इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला, १ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजी मेलेले सापडले, आणि मुखत्यार राजा झाला.

आणि कोल्हापूरच्या जिजाबाई. १७६०मध्ये त्यांचे पती, राजसबाईंचे पुत्र संभाजी महाराज निपुत्रिक वारले. पेशव्यांचा डोळा गादीवर होता. या बाईंनी दाद दिली नाही. १७६२मध्ये दत्तक घेतला, तोही लहान, आणि १७७३मध्ये मरेपर्यंत कारभार पाहिला. १७६५मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला, तो त्यांना पैसे मोजून सोडवावा लागला. हा मजकूर आमच्या फलकात चार ओळींचा होता. कोल्हापूर इथून लांब नाही. जिजाबाईंचे नाव ऐकलेला एकही शाळकरी मुलगा मला अजून भेटलेला नाही, आणि तुमच्या दालनातून फिरून बाहेर पडल्यावरही भेटणार नाही.

तिसरी तक्रार. तुमचे दालन १८१८ला बंद होते. जणू त्यानंतर राजेच नव्हते! पण पोरवयाच्या राजांचा कारभार हा खरा धंदा झाला तो नंतरच. गादीवर अज्ञान राजा म्हणजे रेसिडेंटला, दरबारी बसवलेल्या इंग्रज अधिकाऱ्याला, मोकळे रान. नागपुरात तिसऱ्या रघूजींच्या बालपणी राजवाड्यात पालक बाकाबाई होत्या आणि राज्य चालवत होता रेसिडेंट जेंकिन्स. बडोद्यात १८७५मध्ये मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केले. राजघराण्यातल्या विधवा राणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या बारा वर्षांच्या गोपाळला दत्तक घेतले. तो शिकत असताना सहा वर्षे दिवाण टी. माधवराव यांनी राज्याची घडी बसवली आणि डिसेंबर १८८१मध्ये सयाजीरावांच्या हाती अधिकार दिला. वेळेवर दिला. पालकत्व चांगले चालले तर असेही होते, हे दाखवायला याहून चांगले उदाहरण नाही.

आणि वाईट चालले तर काय होते, हे पाहायला पुन्हा कोल्हापूरच. १८७०मध्ये राजाराम महाराज इटलीत फ्लॉरेन्सला वारले, आणि आठ वर्षांच्या चौथ्या शिवाजींना दत्तक घेतले गेले. मोठे होता होता त्यांना वेडे ठरवण्यात आले. गोऱ्या देखरेखीखाली त्यांना कसे वागवतात, याच्या बातम्या पुण्यात पोचल्या. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे नुकतीच सुरू झालेली. त्यांनी कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर टीका केली, त्यांच्या नावाची काही पत्रे छापली. ती पत्रे कोर्टात बनावट ठरली. १८८२च्या जुलैत टिळक आणि आगरकर यांना अब्रुनुकसानीबद्दल चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. टिळकांचा पहिला तुरुंगवास कशासाठी, असे विचारले तर लोक राजद्रोह म्हणतात. तो झाला एका राजाच्या पालकत्वावरून. तो राजा २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात, पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर वारला. तेव्हा तो विशीत होता.

त्यांच्या विधवा पत्नी आनंदीबाईंनी मार्च १८८४मध्ये कागलच्या यशवंतराव घाटग्यांना दत्तक घेतले. वय दहाच्या आत. तेच राजर्षी शाहू. दत्तक गेलेल्या मुलाचे जनक वडील जयसिंगराव आबासाहेब घाटगे हेच तेव्हा राज्याचे रीजंट, म्हणजे राजाच्या नावाने कारभार पाहणारे होते. ते १८८६मध्ये वारले. अधिकार महाराजांच्या हाती आले २ एप्रिल १८९४ रोजी. म्हणजे दहा वर्षे कोल्हापूरचा राजा एक विद्यार्थी होता, राजकोटला आणि मग धारवाडला, आणि राज्य दुसरे चालवत होते. तुमच्या वंशवृक्षात, जो इथे कसाबसा पोचतो, ‘शाहू महाराज, १८८४ ते १९२२’ असे लिहिले आहे. शाहू महाराजांनी नंतर काय केले ते मी सांगायची गरज नाही. पण त्यांची अठ्ठावीस वर्षे अडतीस करून त्यांचा मान वाढत नाही.

चौथी तक्रार कागदांच्या चिठ्ठ्यांची आहे, आणि ती थोडक्यात उरकते. काचेतल्या मोडी कागदांखाली ‘सवाई माधवरावांचे पत्र’ अशा चिठ्ठ्या आहेत. कागदावरचा सन वाचला तर पत्रलेखक पाळण्यात असल्याचे निघते. नाव राजाचे, अक्षर कारकुनाचे, हुकूम कारभाऱ्याचा, हे तिन्ही वेगळे असते. ‘पेशव्यांच्या नावाने, पुणे दरबाराकडून’ एवढे लिहिले की काम झाले. आम्ही वाचून दिलेली टिपणे तुमच्या कार्यालयात आहेत. ती निदान कोणाला बघायला तरी मिळोत.

जागेच्या अडचणीबद्दल एवढेच म्हणते : दालनाच्या शेवटी तोफेच्या प्रतिकृतीशेजारी एक अख्खी भिंत देणगीदारांच्या नावांना दिली आहे. देणगीदारांची नावे असावीत. निम्म्या आकारात असावीत.

आणि गुंता झेपत नाही म्हणता, त्यावर. आपल्याकडे येणाऱ्या प्रेक्षकांपैकी किती जणांच्या घरी एखादा जुना उतारा असा आहे, ज्यावर आजी नाहीतर चुलता अपाक म्हणून लागलेला आहे? त्यांना पालकत्व म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. चांगला चुलता आणि जमीन गिळणारा चुलता यांतला फरकही सांगावा लागत नाही. गुंता त्यांना नवा नाही.

मागण्या अशा :

वंशवृक्षात प्रत्येक अज्ञान राजाच्या नावाखाली कारभार कोण पाहत होते ते लिहावे, त्याच आकाराच्या अक्षरांत, आणि अधिकार खरोखर कधी हाती आला ते सालही द्यावे. अधिकार आलाच नसेल तर तसे लिहावे.

वडगावचे वाक्य आणि शिवाजी दुसरे यांचे चित्र ताबडतोब काढावे. या दोन गोष्टींना समिती नेमायची गरज नाही.

येसूबाईंच्या शिक्क्याचा ठसा आणि ताराबाईंच्या काळातले एक पत्र, लिप्यंतरासह, कारभाराच्या खोलीत लावावे. पुठ्ठ्याचा घोडा ठेवायचा असेल तर ठेवा, मला त्याच्याशी भांडण नाही.

बारभाईंचा फलक १७९५पर्यंत न्यावा. १८१८नंतरच्या पालकत्वाचा, निदान बडोदा आणि कोल्हापूर यांचा, एक फलक करावा.

वगळलेल्या फलकाचा मजकूर आम्हालाच वापरायला हवा असे नाही. इतिहासाच्या जाणत्या अभ्यासकांकडून तपासून घ्या, चुका काढा, आमची नावे वगळा. पण तो कोणत्या कारणाने वगळला ते लेखी आणि जाहीर सांगा, कारण संग्रहालय सरकारी अनुदानावर आणि लोकांच्या तिकिटांवर चालते.

आम्ही लावलेली मोडी कागदांची टिपणे वाचनालयात मागणाऱ्यास पाहता यावीत.

सहलींचा हंगाम डिसेंबरात भरात येतो. निदान पहिल्या दोन मागण्या त्याआधी व्हाव्यात. सोमवारी संग्रहालय बंद असते, पाट्या बदलायला तो दिवस सोयीचा. वंशवृक्षाच्या दुरुस्तीचा मजकूर, साल-तारखांसह, या पत्राबरोबर कार्यालयात दिला आहे आणि पोच घेतली आहे. काही शंका असल्यास मी गुरुवारी दुपारी मोडी वर्गासाठी तळमजल्यावर असतेच.

आपली,
एक मोडी वाचक
(निवृत्त मंडल अधिकारी)